खोल बैठक

आमच्या घराचा नकाशा काढायला आलेले गृहस्थ पहिल्या दिवशी एस.टी.तून उतरून थेट आमच्याकडे आले, गडवाभर पाणी प्याले, पुढच्या खोलीतल्या सारवलेल्या जमिनीवर आडवे झाले आणि एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत झोपले. मे महिना होता. घोरलेसुद्धा. मी समोर पाटावर बसून होते, मांडीवर एक घडी घातलेला चकचकीत कागद घेऊन. हा माणूस आता उठेल, मग उठेल, आणि उठल्याबरोबर मी तो कागद त्याच्यापुढे उलगडीन, अशी माझी तयारी. ते उठले, भिंतीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "वैनी, तुमच्या घराले अडीच वाजता पच्छिमेकून ताप चढते. दवाई तिकूनच द्या लागन."

मी म्हटलं, अहो, पण मोजमाप कधी घेणार?

"तेच तं करून राहिलो होतो."

गावात त्यांना झोपे साहेब म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते सांगून उपयोग नाही, त्या आडनावानं त्यांना कोणी ओळखायचं नाही. ज्या घराचा नकाशा काढायचा त्या घरात एक दुपार झोपल्याशिवाय ते पेन्सिलीला हात लावत नसत. शिकलेले होते, रीतसर आर्किटेक्ट. मोठ्या शहरात वीस वर्षं उंच उंच इमारती काढून ते भंडाऱ्याकडे परत आले होते. का परत आले म्हणून विचारलं, तर म्हणत, तिकडं इमारती लय काढल्या, घर एकबी नाई काढलं.

कोणाला वाटेल, जुन्या वळणाचा माणूस असेल. मुळीच नाही. नक्षी, कमानी, गच्चीवरचे सिमेंटचे सिंह, छताला टांगलेली प्लास्टरची फुलं, यांचा त्यांना भयंकर तिटकारा. लाखांदूरच्या एका धानाच्या व्यापाऱ्यानं घराला पुढून सगळी निळी काच पाहिजे म्हणून हट्ट धरला, तेव्हा यांनी त्याला सांगितलं, लावा ना काच, फक्त मग धान उकडायला गिरणीत नेऊ नका, दिवाणखान्यातच पसरा. व्यापाऱ्यानं दुसरा माणूस पाहिला आणि काच लावली. पुढं त्या घरातली माणसं उन्हाळाभर मागच्या गोठ्यात बसायला लागली आणि पाहुणा आला की पळत पळत काचेमागं जायची, असं मी ऐकलं. खरंखोटं देव जाणे. ही गोष्ट आम्हाला सांगणारे झोपे साहेबच होते.

आता माझं सांगते. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय येऊन, वाट पाहून, निघून गेलं होतं. माहेर माझं दिघोरीचं, शेतकऱ्याचं. सासर विणकराचं. आमचे हे शाळेत मास्तर, पण सासरे, म्हणजे आमचे मामाजी, सत्तरीतही रोज मागावर बसत आणि कोशाच्या रेशमाची साडी विणत. आमच्याकडचा माग जमिनीत असतो. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. खड्ड्यात पायानं दाबायच्या पट्ट्या असतात, त्यांना पावड्या म्हणतात. घरात दोन माग होते, म्हणून दोन खड्डे. त्यातला एक माग बंद पडलेला, आणि त्याच्या खड्ड्यावर तरट टाकून ठेवलेलं.

हे दिघोरीच्या मुलीला कोण सांगणार? लग्न होऊन घरात आले, पदर नाकापर्यंत, मामाजींच्या पाया पडायला निघाले आणि तरटावर पाय दिला. पुढचं मला फक्त आवाजावरून आठवतं. पलीकडच्या मागावर मामाजी इतके हसले की त्यांच्या हातून ताण्याचा उभा धागा तुटला. मी खड्ड्यात कमरेपर्यंत आणि ते म्हणतात, धागा जोडा लागन आता. त्या तुटलेल्या धाग्याचं मी पुढं वीसपंचवीस वर्षं ऐकलं. माझ्या घोट्याची मात्र कोणी चौकशी केली नाही. तेव्हापासून त्या खड्ड्यांशी माझं वैर.

म्हणून नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मी ठरवलं की खड्डा नको. आणि दुसरं ठरवलं ते नागपूरला दाताच्या डॉक्टरकडे. तिथल्या टेबलावर एक मासिक होतं, घरांच्या फोटोंचं. त्यात एक पांढरंशुभ्र घर, दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीत उतरलेला एक चौकोन, कडेनं गाद्या, आणि एक बाई अनवाणी पाय खाली सोडून कप हातात घेऊन बसलेली. त्या बाईच्या घरात कुठं झाडू दिसत नव्हता. खाली लिहिलं होतं की आधुनिक घराची बैठक जमिनीच्या खाली असते. मी जोरजोरात खोकले आणि खोकल्याच्या आवाजात ते पान फाडलं. घरी येऊन आठवडाभर मी तसा कप धरायचा सराव केला. आमचे हे म्हणाले, बोटाला लागलं का?

तर तो कागद मी झोपे साहेबांपुढं उलगडला आणि म्हटलं, मला अशी खोल बैठक पाहिजे. आणि हे मागाचे खड्डे कायमचे बुजवायचे.

त्यांनी कागद पाहिला. मग मागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं त्याला मी आदर समजले.

मामाजी मागावरूनच म्हणाले, "मंग माग कुठं राहीन?"

इतकंच विचारलं त्यांनी. मी काय उत्तर दिलं ते लिहायला आज हात अडतो, पण दिलं होतं ते दिलं. म्हटलं, मामाजी, आता तुम्ही आराम करा, नव्या घरात माग शोभत नाही. मामाजींनी आडवा धागा नेणारा धोटा खाली ठेवला. आमचे हे उठून पाणी प्यायला गेले. घरात काही पेटलं की त्यांना तहान लागते. झोपे साहेब उठून मागापाशी गेले. त्यांनी खिशातून धाग्याची गुंडाळी काढली.

या माणसाजवळ टेप नसे. एका खिशात पेन्सिलीचे तुकडे, दुसऱ्या खिशात कोशाचा धागा. घरातल्या माणसाला उभं करत, बसवत, हात वर करायला लावत, आणि धाग्याला गाठी मारत. त्यांनी मामाजींना मागावर नीट बसायला लावलं आणि गुडघ्यापासून तळपायापर्यंत धागा धरून गाठ मारली. मी लगेच ताडलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सगळ्या आळीत सांगून आले की आमच्याकडे विलायती संडास बसणार आहे आणि त्याची उंची मामाजींच्या मापानं काढली आहे.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, तुमी रुसल्यावर कुठं बसता?"

हा त्यांचा प्रत्येक घरातल्या बाईला ठरलेला प्रश्न. देवघर सगळेच काढतात, म्हणत, रुसायची जागा कोणी काढत नाही, आणि मग बाई सगळ्या घरभर रुसते. मी म्हटलं, मी रुसतच नाही. आतून आमच्या ह्यांना पाणी पिता पिता ठसका लागला. मामाजी म्हणाले, "चुलीच्या मागं बसते. दोन दोन दिवस." झोपे साहेबांनी मान डोलावली, पण धाग्याला गाठ मारली नाही. ते माप राहिलं.

जुनं घर पाडायचं काम सुरू झालं. खड्डा बुजवायचा पहिला मान मी घेतला. पदर खोचला आणि मातीचं पहिलं टोपलं माझ्या हातानं ओतलं, एखाद्या मंत्र्याच्या थाटात. मागाची लाकडं जळणात काढली होती, ती झोपे साहेबांनी उचलली. म्हणाले, लाकूड चांगलं आहे, स्लॅबच्या सेंटरिंगला कामी पडेल. काय काटकसरी माणूस, म्हणून मी चारचौघांत त्यांची वाखाणणीसुद्धा केली.

त्या सात-आठ महिन्यांत मामाजी शेजारच्या आत्याबाईंच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. बसले की त्यांचे पाय हलत. डावा दाबला, उजवा सुटला, उजवा दाबला, डावा सुटला. दिवसभर. मला काळजी वाटली. मी त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं आणि सांगितलं, यांच्या पायात मुंग्या येतात. डॉक्टरांनी लाल गोळ्या दिल्या. मामाजी मुकाट्यानं त्या घेत आणि पाय हलवत. मी आत्याबाईंना म्हणाले, औषध लागू पडत नाही. आत्याबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं त्यांनाही औषध पाहिजे असेल.

नकाशा हातात आला तेव्हा मी भांडायलाच त्यांच्या घरी गेले. खोल बैठक होती, पण कसली? चार हात लांब, जेमतेम दोन हात रुंद, तीही मधोमध नाही, पूर्वेच्या खिडकीखाली सरकवलेली. मासिकातल्या चौकोनात दहा माणसं मावली असती. ह्यात काय, माझं लोणच्याचं मडकं?

त्यांनी मला एका उंच बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर खिळेच खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आडनाव, आणि खिळ्याला गाठी मारलेले धागे. कुठं पाच, कुठं सात. आमच्या खिळ्याला एकच. मी बोलत होते, ते ऐकत होते. बाक उंच, मी बुटकी. माझे पाय हवेत लोंबत होते आणि रागानं झुलत होते. मध्येच ते खाली वाकले, माझ्या पायांशी. मला वाटलं, आता हा माणूस माफी मागायला पाया पडतो. वयानं मोठा माणूस, मला संकोच झाला. मी म्हटलं, राहू द्या, राहू द्या, मोठे आहात तुम्ही. ते म्हणाले, "धागा पडला होता."

मग समजावलं त्यांनी, की चार माणसं बसली तर बोलतात, दहा बसली तर कल्ला करतात, म्हणून बैठक लहान. मला ते फार आधुनिक वाटलं. मी पटल्यासारखं केलं. निघताना मागं वळून पाहिलं, तर ते आमच्या खिळ्याला एक आखूड धागा अडकवत होते. तुटका तुकडासुद्धा हा माणूस फेकत नाही, असं मी घरी येऊन सांगितलं.

बांधकामात आणखी एक भानगड झाली. बैठकीच्या तळाशी, खिडकीखालच्या बाजूला, गवंड्यानं वीतभर रुंद आणि चार-पाच बोटं उंच असा एक कट्टा बांधून ठेवला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, साहेबानं सांगतलं. साहेबांना विचारलं तर म्हणे, चुकलं असन, राहू द्या. झाडताना झाडू तिथं अडकायचा. मी आल्यागेल्याला तो कट्टा दाखवून सांगत असे, बघा, एवढा शिकलेला माणूस, पण गवंड्यावर लक्ष नाही.

वास्तूच्या दिवशी सगळं गणगोत आलं. घर उघड्या विटांचं, स्लॅब खालून जसा ओतला तसा करडा, पश्चिमेच्या भिंतीला जाळी. आणि गार. भर दुपारी गार. पण ते कोणाच्या डोळ्यांना दिसणार? प्रत्येक जण आत येऊन हळूच विचारी, प्लास्टर राहिलं वाटते? मी म्हणे, आता असंच असते. मग मी सगळ्यांना माझ्या बैठकीपाशी नेलं. गाद्या मी स्वतः शिवल्या होत्या.

आत्याबाई काठीवर वाकून आत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तं मागाचा खड्डा होय वं."

मी म्हटलं, आत्याबाई, ही खोल बैठक आहे, परदेशात असते.

"म्हणजे तिकडंबी विणते का?"

हसण्यात कोण कोण होतं ते मी मोजलं नाही. आमचे हे पाणी प्यायला गेले होते. मी काही बोलणार, एवढ्यात मामाजी आले. इतका वेळ ते अंगणातच होते, नव्या घरात पाय ठेवला नव्हता. ते सरळ बैठकीपाशी गेले. माझी गादी त्यांनी उचलून बाजूला ठेवली, काठावर बसले आणि पाय आत सोडले. तळवे टेकले, पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत. खिडकीतला उजेड बरोबर त्यांच्या हातांवर पडला. मग पाय हलायला लागले, डावा, उजवा. आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, जिथं धोट्याची दोरी असते तिथं, आणि रिकामी हवा ओढून खाली आला.

कोणी हसत नव्हतं आता. मला मात्र त्या लाल गोळ्या आठवल्या. तिसरी बाटली संपत आली होती.

झोपे साहेब मागच्या अंगणात वडाभात खात होते. मी त्यांना ताटावरून उठवलं नाही एवढंच. म्हटलं, तुम्ही मला फसवलं. मी बैठक मागितली होती.

त्यांनी घास गिळला. "तुमी खोल बैठक म्हटलं, मी खोल बैठक देल्ली. कोण बसन, हे तुमी सांगतलं नाई."

"आणि लाकडं? सेंटरिंगची?"

"उद्या घेऊन येतो. वाळवी लागली नाई पाहा."

दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून माग आला. मामाजींनी तो स्वतः उभा केला, आणि पुढं पाच वर्षं माझ्या आधुनिक दिवाणखान्यात सकाळपासून खटक-खट, खटक-खट चालायचं. लोक घर पाहायला येत आणि माग पाहून जात. मी चहाचा कप त्या मासिकातल्या बाईसारखा धरून उभी असे, पण माझ्याकडे कोणी बघत नसे. लाल गोळ्या मी आत्याबाईंना देऊ केल्या. त्यांनी काठी उचलली.

मामाजी गेले. माग त्यांच्या पुतण्यानं नेला, तो अजून विणतो. त्यानंतर दोन वर्षांनी झोपे साहेबही गेले, दुपारी, झोपेतच. गाव म्हणालं, आता ते तिथली मापं घेत असतील. खड्डा रिकामा झाला आणि मी मागितलेली खोल बैठक इतक्या वर्षांनी मला मिळाली. पण मामाजींच्या काठावर बसलं की माझे पाय लोंबत. उंच माणूस होता तो. मग मी आपली मांडी घालून बसे.

आता माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत. मागच्या दिवाळीत सूनबाई म्हणाली, "आई, तो खड्डा बुजवून टाकू. तुम्ही पडान त्यात. आणि नव्या फर्निचरमध्ये तो शोभत बी नाई."

पोरगी माझ्या भल्याचंच बोलत होती. मीही मामाजींच्या भल्याचंच बोलले होते. मला इतका राग आला, आणि तो नेमका कोणावर हे ठरेना, तेव्हा मी रुसले. चुलीच्या मागं बसायला आता चूल नाही, गॅसच्या मागं भिंत आहे. हॉलमध्ये कुठंही बसलं की स्वयंपाकघरातून दिसतं. फक्त बैठकीची खिडकीखालची बाजू खांबाआड येते. मागाच्या दिवसांत तिथं ताणा असायचा, आणि पुढंही सवयीनं मी मामाजींच्याच काठावर बसे, म्हणून त्या काठावर मी कधी बसलेच नव्हते. गेले, बसले, तोंड फिरवलं, पाय खाली सोडले.

पाय टेकले.

दोन्ही. टाचेपासून बोटांपर्यंत, त्या चुकलेल्या कट्ट्यावर. गुडघ्यात कळ आली नाही. मी पाय उचलून पुन्हा ठेवून पाहिले. मग मला तो उंच बाक आठवला, आणि आमच्या खिळ्यावरचा तो आखूड धागा. पंचवीस वर्षं मी त्या माणसाची चूक गावाला दाखवत होते आणि पंचवीस वर्षं ती माझ्याच मापाची होती.

किती वेळ बसले कोण जाणे. नात नागपूरहून आली होती, ती तिथं घरांच्या आतल्या सजावटीचं शिकते. ती मोबाईल घेऊन माझ्यासमोर मामाजींच्या काठावर येऊन बसली. तिचे पाय बरोबर टेकतात, उंची पणजोबांची घेतली आहे. म्हणाली, "आजी, अशा खोल बैठका आता पुन्हा सगळीकडं बनवून राहिले. मम्मीले सांग, बुजवायची नाई. आमच्या मॅडमले फोटो पाठवतो मी. हे डिझाइन कोणाचं होय?"

आजवर हा प्रश्न ज्यानं ज्यानं विचारला त्याला मी एकच उत्तर दिलं आहे. तिलाही तेच दिलं.

"माझं," मी म्हटलं, आणि पाय जरा साडीखाली ओढून घेतले.